कलाहारींतील मेणाच्या तबकड्या

घरबसल्या दूरदेशींचा आवाज ऐकण्याची माणसाला आतां इतकी संवय झाली आहे कीं, तो आवाज पकडण्यासाठीं कोणी, कोठें आणि कोणते हाल सोसले असतील, याचा विचार सहसा मनांत येत नाहीं. कळ फिरवावी आणि ऐकावें, इतकें तें सोपें झालें आहे. परंतु एक काळ असा होता कीं, रानांतील एका माणसाचें एका मिनिटाचें बोलणें शहरांत आणावयाचें, तर त्यासाठीं महिनेच्या महिने तयारी करावी लागे. बैलगाड्या जोडाव्या लागत, पाण्याचा हिशेब मांडावा लागे, आणि तान्ह्या मुलाला जपावें तसें मेणाला उन्हापासून जपावें लागे. विसाव्या शतकाच्या आरंभीं रुडोल्फ पोख नांवाचा एक व्हिएन्नावासी वैद्य असाच मेणाच्या तबकड्या घेऊन आफ्रिकेंतील कलाहारी प्रदेशांत शिरला. त्याच्या त्या तयारीची आणि तींत राहून गेलेल्या एका मोठ्या उणिवेची ही हकीकत आहे.

ध्वनि साठवून ठेवण्याची विद्या तेव्हां फार जुनी नव्हती. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला, त्या वेळीं आवाजाचा ठसा कथलाच्या पातळ पत्र्यावर उमटे आणि थोड्या वेळां ऐकला कीं पुसट होई. पुढील दशकांत कथलाची जागा मेणानें घेतली. मेणाच्या नळकांड्यावर सुई चर कोरीत जाई, आणि तो चर अधिक काळ टिके. १८९० च्या मार्च महिन्यांत जेसी वॉल्टर फ्यूक्स या अमेरिकन संशोधकानें हें यंत्र मेन संस्थानांतील पासामाक्वॉडी लोकांच्या वस्तींत नेलें आणि त्यांचीं गाणीं व कथा मेणावर उतरवून घेतल्या. त्याच वर्षीं तो न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलुखांत झुनी लोकांकडेही गेला. दिवाणखान्यांतील करमणुकीची ही वस्तु तेव्हांपासून विद्वानांच्या प्रवासी सामानांत जाऊन बसली.

तथापि प्रवाशानें आणलेलें मेण पुढें टिकवावयाचें कसें, हा प्रश्न उरलाच होता. प्रत्येक वेळीं ऐकतांना सुई चराला थोडी झिजवी. ऐकावें तर ठसा जाणार, आणि न ऐकावें तर आणून उपयोग काय? या पेंचांतून वाट काढण्याचें काम व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीनें हातीं घेतलें. शरीरशास्त्रज्ञ सिग्मुंड एक्स्नर याच्या सूचनेवरून १८९९ सालीं तेथें एक ध्वनिसंग्रह स्थापन झाला. जगांतील भाषा, संगीत आणि थोर पुरुषांचे आवाज पुढील पिढ्यांसाठीं जतन करावे, हा त्याचा हेतु होता. फ्रित्झ हाउझर या तंत्रज्ञानें त्यासाठीं एक निराळेंच यंत्र रचलें. चर कोरण्याची रीत एडिसनची, म्हणजे खोलींत खालीं-वर जाणारी. परंतु कोरावयाचें तें नळकांड्यावर नव्हे, तर सपाट मेणाच्या तबकडीवर. सपाट पृष्ठभागाचा धातूंत साचा घेणें सोपें जाई. विजेच्या साहाय्यानें तबकडीवर तांब्याचा थर चढविला कीं, मेणांतील प्रत्येक खांच तांब्यांत उलटी उमटे. असा साचा एकदां हातीं आला कीं, त्यावरून हव्या तितक्या प्रती ओतून घेतां येत. मेण नाशवंत होतें, पण तांबें टिकाऊ होतें. त्या संग्रहाचा सारा भरवसा या एका गोष्टीवर होता.

या युक्तीची किंमत मात्र वजनांत मोजावी लागली. यंत्राचा पहिला नमुना शंभर किलोहून अधिक भरला. १९०१ सालीं तें धूड क्रोएशिया, ब्राझील आणि लेस्बॉस बेट अशा तीन ठिकाणीं पाठविण्यांत आलें, आणि तें पेलतांना प्रवासी मंडळी मेटाकुटीस आली. रेल्वे आणि आगबोट जेथवर जात तेथवर सारें ठीक होतें. पुढें खांदा माणसाचा किंवा जनावराचा. म्हणून पुढील कांहीं वर्षें यंत्र हलकें करण्याचे प्रयत्न झाले, आणि तें सुधारलेलें यंत्र उष्ण कटिबंधांत घेऊन जाण्याचें काम रुडोल्फ पोख याच्याकडे आलें.

पोख याचा जन्म १८७० चा. शिक्षणानें तो वैद्य होता, आणि उष्ण देशाची पहिली मोठी ओळख त्याला झाली ती मुंबईंत. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवी भागांत ग्रंथिज्वराची साथ उद्भवली, आणि तिचा अभ्यास करण्यासाठीं व्हिएन्नाच्या अकादमीनें १८९७ सालीं वैद्यांचें एक मंडळ मुंबईस धाडलें. हेर्मान म्युलर, हाइन्रिख आल्ब्रेख्त आणि आंटोन गोन यांच्याबरोबर तरुण पोखही त्यांत होता. मुंबईची त्या वेळची मनःस्थिति महाराष्ट्राच्या विस्मरणांत गेलेली नाहीं. घरांत शिरून होणारी तपासणी, रुग्णाला ओढून इस्पितळांत नेणें, प्रेताची चिरफाड होईल ही धास्ती, यांनीं लोक इतके बिथरले होते कीं, १८९६ च्या ऑक्टोबरांत गिरणी कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली होती. रोगाचें ज्ञान मिळविणें अवश्य होतें, याविषयीं वाद नाहीं. परंतु ज्याच्या देहावरून तें ज्ञान मिळवावयाचें त्याला विचारण्याची रीत त्या काळच्या सरकारी शास्त्राला ठाऊक नव्हती. मंडळ मायदेशीं परतल्यावर १८९८ च्या ऑक्टोबरांत व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेंतूनच तो रोग पसरला. म्युलर त्यांत दगावला, आणि जिवावर उदार होऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांत पोख होता. त्याच्या धैर्याबद्दल शंका घेण्यास जागा नाहीं, हें पुढील हकीकत ऐकतांना ध्यानांत ठेवणें न्यायाचें होईल.

पुढें त्याचें मन वैद्यकाकडून मानववंशशास्त्राकडे वळलें. १९०४ ते १९०६ या काळांत तो न्यू गिनीमध्यें राहिला, आणि फोनोग्राफ, छायाचित्रण व चलच्चित्र या तिन्ही साधनांचा त्यानें तेथें उपयोग केला. न्यू गिनीची उष्णता दमट. मेणाला तेथें ऊन जितकें बाधे, तितकीच ओल बाधे. कारण ओलीनें मेणावर बुरशी धरते, आणि बुरशीनें खाल्लेला चर पुन्हां बोलत नाहीं. १९०७ सालीं तो कलाहारीच्या मोहिमेवर निघाला तेव्हां या अनुभवाची शिदोरी त्याच्यापाशीं होती. पण ही नवी उष्णता निराळ्या जातीची होती.

कलाहारी म्हणजे सहारासारखा निव्वळ वाळूचा समुद्र नव्हे. तेथें कांटेरी झुडपें आहेत, उंच गवत आहे, आणि पाऊस झाल्यास त्याला हिरवळही येते. तेथें दुर्मिळ आहे तें जमिनीवर सांठणारें पाणी. उन्हाळ्याच्या दिवसांत तेथील पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, आणि हिवाळ्याच्या रात्रीं गोठणबिंदूच्या खालीं उतरतो. अशा हवेंत ध्वनिमुद्रणाच्या मेणाची स्थिति मोठी नाजूक होते. ऊन लागलें कीं मेण मऊ पडतें, आणि मऊ मेणांत कोरलेल्या चरांच्या कडा ढासळून अक्षरें एकमेकांत मिसळतात. रात्रींच्या थंडीनें तेंच मेण कडक व ठिसूळ होतें. सुई त्यावर कोरीत नाहीं, खरडते, आणि आवाजाबरोबर करकर उमटते. म्हणून ध्वनिमुद्रणाची वेळ ही माणसाच्या सवडीनें नव्हे, मेणाच्या प्रकृतीनें ठरवावी लागे. शिवाय गाडीचे हिसके, पेटीवरचें ऊन, आणि आगगाडीच्या डब्यापासून बंदरावरील गोदामापर्यंतचा महिनोन्‌महिन्यांचा मुक्काम, यांतून तबकडी न तडकतां, न वांकतां व्हिएन्नास पोंचावयाची होती. तबकड्या बांधण्याची कला ही ध्वनिमुद्रणाच्या कलेइतकीच मोलाची ठरे, ती यामुळें.

दुसरा शत्रु वाळूचा. वाऱ्याबरोबर उडणारी बारीक वाळू पेटीच्या फटींतून आंत शिरते. ती ताज्या चरांत बसली तर सुईखालीं भरडली जाते, आणि चक्रांच्या दांत्यांत गेली तर तबकडीची गति बिघडविते. यंत्र चाले तें किल्लीच्या कमानीवर, कारण रानांत वीज कोठून असणार! कमान सैल पडली, वा वंगणांत धूळ मिसळली कीं तबकडी मंद फिरे. मंद गतीनें कोरलेला आवाज नंतर योग्य गतीनें ऐकला तर तो चढा लागतो. म्हाताऱ्याचा सूर बायकी भासतो, आणि रागाचें बोलणें थट्टेचें वाटतें. यावर एक साधा पण नामी उपाय ठरलेला होता. ध्वनिमुद्रणाच्या वेळीं एका लहानशा शिट्टीचा ठराविक सूर त्याच तबकडीवर फुंकून ठेवावयाचा. त्या सुराचीं सेकंदाला ४३५ कंपनें होतात हें ठाऊक असल्यानें, मागाहून ऐकणाऱ्यानें तो सूर बरोबर लागेपर्यंत गति कमी-जास्त करावी. म्हणजे माणसाचा आवाजही आपोआप खऱ्या पट्टींत येई. शंभर वर्षांनंतरही त्या तबकड्यांच्या गतीचा निवाडा करतां येतो तो या शिट्टीच्या सुरामुळेंच.

तबकडी एक, आणि वेळ एक-दोन मिनिटांचा. तबकड्यांची संख्या निघतांनाच ठरलेली. मध्येंच संपल्या तर व्हिएन्नाहून येईतों ऋतु पालटून जाई. त्यामुळें बोलणाऱ्यानें काय बोलावें, कर्ण्यापासून किती अंतरावर बोलावें, याची रंगीत तालीम आधीं घ्यावी लागे. कर्णा म्हणजे यंत्राचा कान. त्यांत तोंड घालून मोठ्यानें बोललें तरच पडदा पुरेसा हाले. चार पावलें दूर बसून सहज बोलणाऱ्याचा आवाज त्याला ऐकूं येत नसे. मुद्रण चांगलें उतरलें कीं नाहीं, हें पहाण्यासाठीं तें पुन्हांपुन्हां ऐकण्याची चैनही परवडण्याजोगी नव्हती, कारण प्रत्येक ऐकण्यानें चर झिजणार. शिवाय या यंत्राला उंच, तीव्र ध्वनि फारसे पकडतां येत नसत. सकार आणि शकार यांतील भेद त्यांत बहुधा हरवून जाई.

आणि कलाहारींतील भाषांत तर अशाच तीव्र ध्वनींचें राज्य! तेथील मूळ रहिवासी म्हणजे सान लोक. गोरे वसाहतवाले त्यांना ‘बुशमन’ म्हणत. जीभ टाळ्याला वा दांतांना चिकटवून झटकन सोडल्यानें जो टक्‌ किंवा च्‌ असा आवाज होतो, तो मराठी माणूस हळहळ दाखविण्यासाठीं किंवा घोड्याला हांकण्यासाठीं वापरतो. सान लोकांच्या भाषांत अशा आवाजांचे अनेक प्रकार असून तीं पूर्ण व्यंजनें आहेत. एक चुकलें तर अर्थ बदलतो. विल्हेल्म ब्लीक आणि लूसी लॉइड यांनीं १८७० नंतर केप टाउनमध्यें अशाच एका भाषेंतील कथा हजारों पानांच्या वह्यांत निव्वळ कानानें ऐकून टिपल्या होत्या. ती भाषा बोलणारें आज कोणी उरलेलें नाहीं. वह्यांत शब्द राहिले, पण त्यांचा नाद गेला. फोनोग्राफ कलाहारींत नेण्याची निकड होती ती हीच.

यंत्राची ही उणीव भरून काढण्यासाठीं कागदाची जोड असे. व्हिएन्नाच्या संग्रहाचा नियम असा कीं, प्रत्येक तबकडीबरोबर एक टिपण हवेंच. त्यांत बोलणाराचें नांव, वय, ठिकाण, तारीख, बोलण्याचा विषय, आणि जमेल तितकें तें बोलणें उच्चारलिपींत. तबकडी कागदाची साक्ष देई आणि कागद तबकडीची. योजना निर्दोष होती. फक्त कागद लिहिणाऱ्याला समोरच्याची भाषा समजावयास हवी होती. पोखला ती येत नव्हती. दुभाष्यामार्फत, तेंही एका भाषेंतून दुसऱ्या आणि दुसऱ्या भाषेंतून तिसऱ्या भाषेंत असें करीत, जें हातीं आलें तें त्यानें लिहिलें. मेणाची, पाण्याची, वंगणाची तयारी झाली होती. ऐकण्याची तयारी झालेली नव्हती.

तो ज्या वाटेनें गेला ती वाटही निष्पाप नव्हती. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेंत, म्हणजे आजच्या नामिबियांत, १९०४ ते १९०८ या काळांत हेरेरो आणि नामा लोकांचा भयंकर संहार झाला होता. संशोधकाला लागणारे परवाने, संरक्षण, गाड्या आणि दुभाषी हें सर्व पुरविणारी सत्ता तीच. पलीकडे इंग्रजांचा बेचुआनालँड, म्हणजे आजचा बोट्स्वाना. दोन्हीकडे जनावरांचे मोठे कळप आणि गोऱ्यांचे मळे सान लोकांचीं पाणवठ्यांचीं ठिकाणें गिळंकृत करीत चालले होते. अशा वेळीं गोऱ्या साहेबानें पेटीसमोर बोल म्हटलें असतां, नाहीं म्हणण्याची मोकळीक भुकेल्या माणसाला कितपत असेल?

१९०८ सालीं पोखनें पश्चिम कलाहारींत जे प्रयोग केले, त्यांतील एक जगांतील ध्वनिमुद्रणाच्या इतिहासांत नांवाजला गेला आहे. कुबी नांवाचा सुमारें साठ वर्षांचा एक सान गृहस्थ कर्ण्यासमोर आला. एकीकडे तबकडी फिरूं लागली आणि दुसरीकडे पोखचा चलच्चित्राचा कॅमेरा. कुबीनें पाणवठ्यावर येणाऱ्या हत्तींची गोष्ट सांगितली. कर्ण्यांत बोलतां बोलतां त्याचे हात, मान, सारें अंग हत्तींची चाल दाखवीत होतें; कर्णा फक्त आवाज ऐकतो हें त्याच्या गांवींही नव्हतें. बोलपट रूढ होण्यास अजून सुमारें वीस वर्षें अवकाश होता. चित्र आणि ध्वनि हीं निरनिराळीं व्हिएन्नास गेलीं, निरनिराळ्या कपाटांत राहिलीं, आणि १९८० नंतरच्या दशकांत तेथील तंत्रज्ञांनीं तीं जुळवून एकत्र केलीं. आज तो म्हातारा पडद्यावर बोलतांना दिसतो आणि ऐकूंही येतो. त्या प्रवासांतील तबकड्या साठाच्या आसपास आहेत. दोन वर्षांच्या खडतर फिरतीचें हें फळ दीड-दोन तासांत ऐकून संपतें.

परंतु पोखच्या गाड्यांतून व्हिएन्नास गेलें तें केवळ मेण नव्हे. माणसांच्या चेहऱ्याचे सांचे, केसांचे नमुने, आणि मोठ्या संख्येनें मानवी अस्थि असें सामानही त्यांत होतें. कित्येक प्रेतें कबरी उकरून नेलेलीं होतीं. क्लास आणि त्रोई पीनार हें शेतमजूर जोडपें १९०९ च्या सुमारास तापानें वारलें. पुरल्यावर थोड्याच महिन्यांत पोखच्या मदतनिसानें त्यांचे देह उकरून काढले, आणि ते परदेशीं रवाना झाले. मुंबईंत प्रेताच्या चिरफाडीच्या धास्तीनें लोक ज्यासाठीं रस्त्यावर उतरले होते, तेंच कलाहारींत कोणाच्याही नकळत पार पडलें. पोखला या कृत्यांबद्दल शिक्षा झाली नाहीं. उलट १९१३ सालीं व्हिएन्ना विद्यापीठांत मानववंशशास्त्राचें अध्यापकपद त्याला मिळालें. १९२१ सालीं तो निवर्तला.

या प्रकरणाला वाचा फुटण्यास जवळजवळ शतक जावें लागलें. २००० सालीं मार्टिन लेगॅसिक आणि सिराज रासूल या दक्षिण आफ्रिकेंतील अभ्यासकांनीं अस्थींच्या या व्यापाराचें पुराव्यानिशीं विवेचन प्रसिद्ध केलें. त्यानंतर दोन्ही देशांच्या सरकारांत बोलणीं झालीं, आणि २०१२ सालीं ऑस्ट्रियानें क्लास व त्रोई यांचे देह परत पाठविले. त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें कुरुमान येथें त्यांचें सन्मानानें दफन झालें. ज्यांना नमुने म्हणून नेलें होतें तीं माणसें म्हणून परत आलीं.

मग तबकड्यांचें काय? व्हिएन्नाच्या संग्रहांतील जुनीं ध्वनिमुद्रणें युनेस्कोनें १९९९ सालीं जागतिक स्मृतींच्या नोंदींत घेतलीं, आणि २००३ सालीं कलाहारींतील आवाज प्रकाशितही झाले. शिट्टीचा सूर कामीं आला. तांब्याचे साचे टिकले होते. त्यानंतर एक गोष्ट उघडकीस आली. ती भाषा ज्यांची मातृभाषा आहे अशा माणसांना बरोबर घेऊन ते आवाज पुन्हां ऐकण्याचा उद्योग आनेट हॉफमन या संशोधिकेनें केला, आणि त्यावरील तिचा ग्रंथ २०२० सालीं निघाला. या ऐकण्यांत जुन्या टिपणांच्या मर्यादा स्पष्ट झाल्या. पोखनें भाषेचा मासला म्हणून जें नोंदविलें होतें, त्यांत ठिकठिकाणीं गाऱ्हाणीं होतीं, मागणीं होतीं, खुद्द त्याच्या वागण्याबद्दलचे ठपकेही होते. कर्ण्यासमोर उभ्या केलेल्या माणसांनीं समोरच्या साहेबाला तोंडावर जाब विचारला होता. साहेबाला तो कळला नाहीं. त्यानें तबकडी काळजीपूर्वक गुंडाळली, क्रमांक घातला, आणि आपल्यावरचें आरोपपत्र स्वतःच सुखरूप घरीं पोंचविलें.

पोखची तयारी वाईट होती असें म्हणतां येणार नाहीं. यंत्र, मेण, गति, सूर, कागद यांपैकीं एकाही बाबतींत तो गाफील राहिला नाहीं, आणि त्या दक्षतेमुळेंच आज हे आवाज शिल्लक आहेत. तयारी कमी पडली ती एकाच ठिकाणीं. ज्याचा आवाज न्यावयाचा त्याच्याशीं आधीं बोलावें, त्याचें म्हणणें समजून घ्यावें, आणि तो आवाज त्याचा आहे हें मान्य करावें, एवढें त्या सामानाच्या यादींत नव्हतें. आज ध्वनिमुद्रणाला मेण लागत नाहीं. खिशांत मावेल असें यंत्र तासन्‌तास ऐकत राहतें, आणि वाळवंटांतही त्याला फारशी बाधा होत नाहीं. तथापि दूरच्या मुलुखांत आवाज टिपण्यास निघालेल्या प्रत्येकाच्या यादींतील ती एक ओळ अजूनही हातानेंच लिहावी लागते. यंत्र ती आपण होऊन लिहीत नाहीं.